एकच घोट

३ जानेवारी, रविवार. संध्याकाळी सात.

अकरा वाजता आम्ही दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत चहा प्यायचो. औषधांच्या खोक्यांवर बसून. हे खिडकीकडे तोंड करून, मी काउंटरवरच्या घंटीकडे कान देऊन. ह्यांचं बिस्किट बुडवणं म्हणजे रोजचा प्रयोग. एक, दोन, तीन, चार मोजायचे आणि पाचाला बाहेर काढायचे. सहाला ते कपात पडायचं. रोज एक तरी पडायचंच. मग चमच्याने गाळ काढून खायचे आणि म्हणायचे, ह्याला मिक्श्चर म्हणतात, वाया घालवू नये. मी माझं बिस्किट कोरडं खायची. कॉन्व्हेंटमध्ये जेवणाच्या हॉलवर जी सिस्टर होती तिने बजावलं होतं, बुडवून खाणं हे दात नसलेल्यांचं किंवा शिस्त नसलेल्यांचं काम. हे म्हणायचे, माझे दात शाबूत आहेत, दुसऱ्याबद्दल मी बोलत नाही.

आज अकरा वाजता तोच चहा, तेच बिस्किट. खोकी नाहीत, खुर्ची आहे. दुकान खाली, मी वर. तिसरा तुकडा छातीच्या मधोमध जाऊन बसला. घशात नव्हे, त्याच्या बराच खाली. बसला तो बसलाच. दहा मिनिटं खिडकीशी उभी राहिले, डोळ्यांतून पाणी. समोरच्या इमारतीतल्या बाईने हात हलवला, मीही हलवला. तिला वाटलं असेल मी हसतेय.

निदान: बिस्किटाचा दर्जा घसरलाय. उपाय: कंपनी बदलणे. बाकी तब्येत उत्तम.

हाडांची गोळी सकाळी सहाला घेतली. दर रविवारी एक, ऑगस्टपासून. उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास काही खायचं नाही. ज्याला अर्धा तास काही खायचं नाही त्याने झोपावं, ह्यापेक्षा सोपं काय? उशाशी पेला ठेवते. एक घोट, पुन्हा पांघरूण. सिस्टर म्हणायची, चांगल्या घरची मुलगी पाण्याचा एकच घोट घेते, आणि तोही आवाज न करता. अडुसष्ट वर्षांची झाले, अजून माझा आवाज होत नाही.

असिस्टंटने नव्या डबीवर लेबल चिकटवून पाठवलंय. असिस्टंट बावीस वर्षं माझ्या हाताखाली होता. आता दुकान त्याचं, केस त्याचे पांढरे, तरी मी त्याला असिस्टंटच म्हणते आणि तो मला मॅडम. लेबल माझंच! मजकूर मी लिहिलेला, छापून मी घेतलेला, अजून गठ्ठे संपले नाहीत. आणि ते मलाच! सोलून काढलं आणि ह्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं, उद्धटपणाचा पुरावा म्हणून. सूचना गिऱ्हाइकांसाठी असतात. मी काउंटरच्या अलीकडची.

आत्ता व्हिडिओवर वजन झालं. ही लेकीची अट. गेल्या वर्षी घसरून मनगट मोडलं (हाडांची गोळी त्याचीच देणगी), तेव्हापासून ती मला तिच्याकडे न्यायला टपलीय. तिचं घर रेल्वेने नऊ तासांवर, सातव्या मजल्यावर, खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या. शेवटी तह झाला. वजन अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं की मी बॅग भरायची. तोपर्यंत हे घर माझं, आणि खालून येणारा दुकानाच्या घंटीचा आवाजही माझा.

आज साडेएकोणपन्नास. तह अबाधित.

६ जानेवारी, बुधवार.

नवी कंपनी, जुनी गत. म्हणजे दोष बिस्किटाचा नाही. दोष चावण्याचा. एकटी बाई जेवण उरकते, असं एका मासिकात होतं. आजपासून सिस्टरचा नियम: एक घास, बत्तीस वेळा.

नाश्ता: टोस्ट दोन. वेळ: एक तास दहा मिनिटं. पेपर पूर्ण वाचून झाला, निविदांसकट. दुपारचं जेवण चार वाजता संपलं. जबडा दुखतोय. घास अडकलाच, पण अगदी बारीक होऊन अडकला. ह्याला प्रगती म्हणतात.

७ जानेवारी.

चावण्याचा नियम तूर्त स्थगित. जबड्याला विश्रांती हवी.

१० जानेवारी, रविवार.

सहाला गोळी, एक घोट, झोप. साडेसातला उठले तर छातीत निखारा ठेवल्यासारखं. कोमट पाणीसुद्धा चटका देत उतरलं. निदान: कालच्या सूपमधली मिरी. मिरीची बरणी वरच्या फळीवर टाकली.

वजन अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन. लेक म्हणाली, आई, कमी झालंय. म्हटलं, तुझा काटा वेगळा, माझा वेगळा. म्हणाली, आई, तो काटा मीच पाठवलाय. म्हटलं, मी तेच म्हणतेय.

१३ जानेवारी, बुधवार.

मॉनिटर जेवायला आली. तिसरीत ती आमच्या वर्गाची मॉनिटर होती. ते पद जाऊन साठ वर्षं झाली, पण तिला कुणी कळवलेलं नाही.

भात मऊ केला होता, बटाटे त्याहून मऊ. सगळं तिच्या दातांसाठी, असं सांगितलं. दुसराच घास अडकला. मी हसत हसत रुमाल तोंडाला लावला आणि काम साधलं. अगदी सफाईने. मॉनिटर पाणी पीत होती, तिचं लक्षही नव्हतं.

मग तिने पेला ठेवला आणि म्हणाली, रुमाल उघड.

म्हटलं, अगं, काहीतरीच काय लहान मुलासारखं! म्हणाली, तिसरीतसुद्धा हेच म्हणाली होतीस, आणि तुझ्या खिशातून भोपळा निघाला होता. किती दिवस चाललंय हे? म्हटलं, काय किती दिवस? म्हणाली, बरं, मग तुझ्या लेकीलाच विचारते. म्हटलं, चहाडखोर. म्हणाली, होय. आणि मग बटाटे संपवले, माझ्या वाटणीचेसुद्धा.

शेवटी महिनाअखेरपर्यंत मुदत मिळवली. तोवर मी डॉक्टरांना दाखवलं नाही तर ती फोन करणार. महिनाअखेरपर्यंत दाखवण्यासारखं काही उरणारच नाही. तेहतीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिलेय. एकदाही चुकीची बाटली कुणाच्या हातात दिली नाही. स्वतःचा एक घास मला कळू नये?

१७ जानेवारी, रविवार.

गोळी. झोप. निखारा. (मिरी अंगात किती दिवस राहते?)

संध्याकाळी तालीम म्हणून आधी एकटीनेच काट्यावर उभी राहिले. हिवाळी कोट घालूनही सत्तेचाळीस पूर्णांक तीन. पाऊण तास विचार केला. मग कपाटातून दुकानाच्या जुन्या तराजूची पितळी वजनं काढली. एक किलोचं डाव्या खिशात, अर्ध्या किलोचं उजव्या. अठ्ठेचाळीस पूर्णांक आठ.

ही फसवणूक नव्हे. वजनं खरी आहेत, सरकारी शिक्क्याची आहेत. काटा नवा आणि प्लॅस्टिकचा आहे. कुणावर विश्वास ठेवायचा हे मला कळतं.

लेक म्हणाली, घरात कोट? म्हटलं, थंडी फार. म्हणाली, आई, तुझ्या मागे पंखा फिरतोय.

२० जानेवारी, बुधवार.

आज शांतपणे, धंद्यातल्या माणसासारखा विचार केला. घास उतरत नाही ह्याला एक नाव असतं आणि त्यावर एक पावडर असते. ती पावडर माझ्या घरात आहे. मग मी तीन आठवडे काय करत होते?

ह्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली, त्याबरोबर गिळण्याची शिस्तही गेली. पातळ काही प्यायलं की थेट फुफ्फुसात उतरायची भीती. गिळायला शिकवणारी एक बाई यायची. हनुवटी छातीला, छोटा घास, एकदा गिळा, पुन्हा एकदा गिळा, आता खोका. पाणी, दूध, चहा, सगळ्यात पावडर घालून मधासारखं घट्ट करायचं. मी चमचा सपाट करून मोजायची. चौदा महिने माझ्या हातून एकदाही चुकलं नाही.

डबा माळ्यावर होता. मुदत चार वर्षांपूर्वी संपलेली. मुदती गिऱ्हाइकांसाठी.

अकराच्या चहात दोन चमचे घातले. तीन मिनिटांनी चमचा कपात आपला आपण उभा राहिला. मग प्यायले. प्यायले म्हणजे काय, खाल्ला. भिजलेला पुठ्ठा, आणि त्याला चहाची आठवण येतेय.

चौदा महिने रोज अकरा वाजता हे वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणायचे, एकच घोट दे ना. खरा. आणि रोज मी म्हणायची, अहो, चव तीच आहे, नुसता जरा जाड आहे इतकंच. चव तीच आहे. मी कधी जिभेला लावून बघितला नव्हता.

नियम बरोबर होता. चौदा महिन्यांत एकदाही न्यूमोनिया झाला नाही. गेले ते हृदयाने. हे लिहून ठेवते, कारण खरं आहे.

घट्ट चहा माझ्याही छातीत अडकला. पातळ निदान उतरतो तरी. निदान: पावडरची मुदत.

२४ जानेवारी, रविवार.

गोळी सहाला. आज दोन घोट घ्यावे लागले, पहिल्याने ती हललीच नाही. सिस्टरने बघितलं असतं तर.

संध्याकाळी दोन किलोचं वजन. एकच असल्यामुळे एकाच खिशात. लेक म्हणाली, आई, तू अशी वाकडी का उभी आहेस? म्हटलं, वय. जावई मागून म्हणाला, आई, फोन जरा खाली धरा ना, कोट बघतो. फोन मीच बंद केला. नेटवर्क इकडे फारच वाईट.

२७ जानेवारी, बुधवार.

विशेष काही नाही.

दुपारी उकडलेलं अंडं खाल्लं. अंडं अडकलं. नंतर त्यावर पाणी प्यायले, ते अंड्याच्या वर साचून परत आलं. मग लाळसुद्धा उतरेना. भांडं घेऊन बसले. एक तास. उठून खिडकीकडे जाताना टेबलावरचं दोन किलोचं वजन धक्क्याने खाली पडलं. खाली म्हणजे असिस्टंटच्या डोक्यावरच्या छतावर.

तो जिना चढून धावत आला. मॅडम, काय झालं? बोलता येईना, म्हणून जुन्या लेटरपॅडवर लिहून दाखवलं: काही नाही. तो म्हणाला, मॅडम, काही झालं नाही हे माणूस तोंडाने सांगतो, लिहून नाही देत.

मला धरून जिन्यापर्यंत नेलं तेवढ्यात अंडं आपणहून उतरलं. म्हणजे डॉक्टरची गरज नव्हती, हे सिद्ध झालं. तरी त्याने लेकीला फोन केला. तिचा नंबर ह्याच्याकडे कसा? मॉनिटरने दिलेला, जेवून गेली त्याच आठवड्यात. माझ्या पाठीमागे हेरखातं चालू आहे.

२९ जानेवारी, शुक्रवार.

लेक आणि जावई काल रात्रीच्या गाडीने निघून सकाळी हजर. मला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे गिळण्याचा वेगळा विभाग आहे. गिळण्याचा! आमच्या वेळी लोक गिळायचे, विभाग नव्हता.

दाराशीच नर्स म्हणाली, कोट काढा, वजन करू. म्हटलं, थंडी वाजते. म्हणाली, दोन मिनिटं. जावयाने अदबीने कोट घेतला आणि त्याचा हात खाली गेला. खिशातून पितळेवर पितळ वाजलं. सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. तो हळूच म्हणाला, आई, ह्यात काय आहे? म्हटलं, सवयीचं आहे. पुढे त्याने एक अक्षर काढलं नाही. अर्धा दिवस तो कोट हातावर घेऊन उभा होता. चांगला मुलगा आहे.

काट्यावर पंचेचाळीस पूर्णांक आठ. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या फुफ्फुसांच्या चित्राकडे बघितलं.

तपासणारी मुलगी तिशीचीही नसेल. मला आजी म्हणाली, तिथेच तिचे दोन मार्क कापले. पण हात हुशार. गळ्याच्या घाटीवर बोटं ठेवून चमचाचमचा पाणी गिळायला लावलं, मग आऽऽ म्हणायला सांगून आवाज ओला होतो का ते ऐकलं. मग पेला भरून दिला. म्हणाली, आता सगळा, न थांबता. मी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. म्हणाली, आजी, सगळा. म्हटलं, मी असं पीत नाही. म्हणाली, का? ह्याचं उत्तर साठ वर्षांत कुणी मागितलं नव्हतं. शेवटी प्यायले, गटागटा, घोड्यासारखी. आवाज झाला. कुणी मेलं नाही.

तिचा निष्कर्ष: आजी, गिळण्याचे दोन भाग असतात. एक घशातला, तो बिघडला की पातळ पदार्थांचा ठसका लागतो. तुमचा घसा फर्स्ट क्लास. तुमचं घट्ट अडकतं, आणि छातीत अडकतं, म्हणजे भानगड खाली अन्ननलिकेत आहे. दरवाजा उत्तम, आतला बोळ अरुंद झालाय. तिला पावडरचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारायचा तेवढा राहिला. म्हणाली, अरुंद बोळात जाड गादी कशाला कोंबायची? पातळ, मऊ, घासागणिक पाणी, आणि ताठ बसून.

मग विचारलं, औषधं कुठली चालू? म्हटलं, रोज एक कॅल्शियम, बाकी काही नाही. रविवारची सांगितली नाही. आठवड्यातून एकदा घेतलेलं औषध चालू औषधांत धरत नाहीत.

३० जानेवारी.

जावई परत गेला. लेक राहिली. तहाबद्दल ती बोलली नाही. माझं कपाट मात्र उगाच लावतेय.

३१ जानेवारी, रविवार.

सहाला गोळी, अगदी हळू, लेक बाहेरच्या खोलीत झोपलीय म्हणून. एक घोट. दिवसभर निखारा. सूपमध्ये मिरी नव्हती. निदान: काळजी. लेकीने घरात आणलेली.

३ फेब्रुवारी, बुधवार.

गिळण्याचा एक्स-रे. मशीनसमोर उभं करून पांढरं, खडूसारखं काहीतरी प्यायला दिलं आणि ते उतरताना पडद्यावर दाखवलं. माणसाने स्वतःला आतून बघू नये. पांढरा ओघ सुरेख उतरतो, उतरतो, आणि छातीच्या मध्याखाली बाटलीच्या गळ्यासारखा बारीक होतो. मग त्याच पांढऱ्यात बुडवलेला ब्रेडचा तुकडा दिला. तो गळ्याशी आला आणि थांबला. लहानपणी शाळेच्या फाटकाशी उशिरा आलेली मुलगी थांबायची तसा. आत जाऊ की नको?

तंत्रज्ञ म्हणाला, दिसतंय ना, आजी? ह्यालाही दोन मार्क कमी.

डॉक्टर म्हणाले, दुर्बीण घालून बघावी लागेल. तुकडाही काढून तपासायला पाठवू. तुकडा म्हटल्यावर लेकीने माझा हात धरला. रस्ता ओलांडायचा नव्हता, तरी धरला.

५ फेब्रुवारी, शुक्रवार.

अन्ननलिका अरुंद का होते त्याची कारणं मला पाठ आहेत. आम्लाने, जुन्या जखमेच्या व्रणाने, आणि आणखी एका कारणाने. त्या तिसऱ्या कारणाच्या चिठ्ठ्या घेऊन माणसं काउंटरवर यायची तेव्हा मी बाटल्या हळू आवाजात द्यायची.

लेकही ती यादी इंटरनेटवर वाचून बसलीय. आम्ही दोघी समोरासमोर बसून सूप पितो आणि पडद्यांच्या रंगावर बोलतो. पडदे नऊ वर्षं तेच आहेत.

आज तिने अकराचा चहा केला आणि बिस्किट माझ्या कपात बुडवलं. एक, दोन, तीन, चार. पाचाला काढून माझ्या तोंडाशी धरलं. तिला कुणी शिकवलं? ती तेव्हा शाळेत असायची. म्हणजे सुट्टीत मागच्या खोलीत येऊन बसायची, ते मी विसरले होते.

उतरलं.

७ फेब्रुवारी, रविवार. सकाळी साडेआठ.

उद्या दुर्बीण. मन स्थिर आहे. सगळं नेहमीसारखं ठेवायचं असं ठरवलंय, म्हणून सहाला गोळीही नेहमीसारखी. काहीही निघो, निदान हाडं तरी शाबूत राहतील.

८ फेब्रुवारी, सोमवार.

गुंगीचं इंजेक्शन दिलं. जाग आली तेव्हा सगळं झालं होतं. दुर्बीणवाले डॉक्टर पलंगाशी बसले, लेक उभी.

म्हणाले, अरुंद आहे, जुना व्रण आहे. पण त्याच्यावर दोन ताज्या जखमा आहेत, समोरासमोर, जणू काही तिथे अडकून बसून विरघळलंय. अगदी ताज्या, कालपरवाच्या. कुठली गोळी घेता? म्हटलं, कॅल्शियम. लेक म्हणाली, आणि रविवारची.

मी तिच्याकडे बघितलं. म्हणाली, आई, पेला ठेवल्याचा आवाज होतो.

डॉक्टर म्हणाले, कुठली रविवारची? हाडांची? कशी घेता? म्हटलं, पाण्याबरोबर. किती पाणी? म्हटलं, पुरेसं. लेक म्हणाली, एक घोट. डॉक्टर म्हणाले, आणि मग किती वेळ ताठ बसता? म्हटलं, बसत नाही. मग? म्हटलं, झोपते. डॉक्टर म्हणाले, किती रविवार? मोजून सांगितलं. ऑगस्टपासून सत्तावीस.

ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, आजी, तुम्ही आधी काय करायचात? म्हटलं, गृहिणी.

लेक म्हणाली, डॉक्टर, आईचं औषधांचं दुकान होतं. तेहतीस वर्षं.

डॉक्टर खोकले. तो खोकला मी ओळखते. एखादं गिऱ्हाईक मलम खाऊन यायचं तेव्हा मी काउंटरमागे तसाच खोकायची.

तुकडा तपासायला गेलाय. गोळी बंद. आम्ल कमी करणारं औषध सुरू. जखमा भरल्या की दोन-तीन वेळा आत फुगा फुगवून बोळ रुंद करायचा. डॉक्टर म्हणाले, बहुतेक गोळीचंच, पण रिपोर्ट येऊ द्या. बहुतेक हा शब्द मीही फार वापरायची. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार.

रिपोर्ट स्वच्छ. तिसरं कारण नाही.

लेक हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडली, मग तिथेच हसायला लागली, आणि मग म्हणाली, आई, तू म्हणजे ना! पुढचं वाक्य तिने गिळलं. तिला कसलाच त्रास नाही.

मॉनिटरला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे चूक तुझीच. म्हटलं, रिपोर्ट स्वच्छ आहे. म्हणाली, ते ऐकलं, देवाचे आभार. चूक तुझीच. म्हटलं, त्या सिस्टरची आहे, तिने एक घोट शिकवला. म्हणाली, अगं, सिस्टर जेवणाबद्दल सांगायची. औषधाच्या वेळी तीच पेलाभर पाणी घेऊन आपल्या डोक्याशी उभी राहायची, संपेपर्यंत हलायची नाही. तू भोपळा लपवण्यात गर्क असायचीस, तुला कुठलं आठवणार?

हे खरं असेल असं मला वाटत नाही. पण मॉनिटर खोटं बोलत नाही, हाच तिचा दोष.

१४ फेब्रुवारी, रविवार.

सहाला जाग आली. गोळी नव्हती. तरी उठून ताठ बसले, अर्धा तास, कुणीही न सांगता. मग पेलाभर पाणी प्यायले. सगळं.

वही उघडली. वर्षाच्या सुरुवातीपासून जितक्या वेळा ती उघडली तितक्या वेळा पुठ्ठ्याच्या आतलं ते लेबल समोर होतं. आज वाचलं. मजकूर माझा, शब्द न् शब्द: पेलाभर पाण्याबरोबर घ्या. नंतर अर्धा तास आडवे होऊ नका. खाली ठळक अक्षरांत: ही सूचना तुमच्यासाठीच आहे. ती शेवटची ओळ छापायच्या आधी ह्यांनी घालायला लावली होती. म्हणाले होते, लोक वाचतात गं, पण त्यांना वाटतं दुसऱ्यासाठी आहे.

फुगा लेकीच्या गावच्या हॉस्पिटलात फुगवायचा ठरलाय. सहा आठवडे, आणि मऊ जेवण करायला घरात माणूस हवं. तहाप्रमाणे नाही, मी पाहुणी म्हणून जातेय. गाडी दुपारी चारची. जावयाने तिकडे माझ्यासाठी कपाट करून घेतलंय, तीन दारांचं, आरशासकट. सहा आठवड्यांसाठी तीन दारं जरा जास्तच होतात, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

निघण्याआधी हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर गोंधळ नको.

हाडांच्या उरलेल्या गोळ्या असिस्टंटला परत. लेबल नाही, ते वहीतच राहील. घराची किल्लीही त्याच्याकडे, आणि रोज अकरा वाजता वर येऊन रस्त्याकडची खिडकी उघडायची, अर्ध्या तासाने लावायची. का ते विचारायचं नाही. खोलीत दुकानाची घंटी ऐकू आली पाहिजे.

काटा मॉनिटरला. कुणाचं तरी वजन ती कमी किंवा जास्त ठरवेलच.

पितळी वजनं जावयाला, कागद दाबायला. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही, त्याबद्दल.

बिस्किटांचे चार पुडे समोरच्या इमारतीतल्या बाईला. सोबत चिठ्ठी: त्या दिवशी मी हसत नव्हते, पण हात हलवलात, बरं वाटलं.

हिवाळी कोट ज्याला खरी थंडी वाजत असेल त्याला.

पावडरचा डबा कुणालाही देऊ नये. तो मी आताच नळाखाली रिकामा केला. मोरी तुंबलीय, असिस्टंटने बघावी.

ही वही लेकीला, पण मी गेल्यावर. तोवर तिने विचारलं तर हिशोबाची आहे.

ह्यांचा कप कुणालाही नाही. तो माझ्या बॅगेत आहे, लोकरी मोज्यांत गुंडाळून. तिकडे रोज अकरा वाजता लेकीने त्यात चहा ओतायचा. पातळ, गरम, काठोकाठ. घोट मोजायचे नाहीत.